घोड्यावांचून शंभर मैल

आपल्याकडे पायीं धावणारा माणूस शेंकडों वर्षें दुसऱ्याचा चाकर होता. मराठेशाहींतील जासूद खलिता घेऊन धावला तो धन्याच्या कामासाठीं. इंग्रजी अमदानींतील टपालाचा हरकारा घुंगुर लावलेली काठी वाजवीत रानावनांतून गेला तो महिन्याच्या पगारासाठीं. ज्याला घोडा परवडे तो घोड्यावर बसे, आणि ज्याला पालखी परवडे तो तर दुसऱ्याच्या खांद्यावरच बसे. तेव्हां ज्याच्या दाराशीं मोटार उभी आहे अशा एखाद्या वकिलानें किंवा डॉक्टरानें आपण होऊन, वर प्रवेशाचे पैसे भरून, डोंगरांतून शंभर मैल रात्रंदिवस धावावें, ही गोष्ट जर आमच्या आजोबांच्या कानीं गेली असती, तर त्यांनीं प्रथम त्या गृहस्थाच्या प्रकृतीची चौकशी केली असती, आणि मग त्याला सावकाराचा तगादा आहे काय असें विचारलें असतें.

परंतु हा छंद आतां जगभर पसरला आहे. आमच्या सह्याद्रींतहि सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांना जोडणाऱ्या वाटेवर अशी शर्यत भरते, आणि तींत पुण्यामुंबईचीं शिकलेलीं माणसें हौसेनें उतरतात. घरांतील वडील मंडळींना त्याचें नवल वाटतें, क्वचित् रागहि येतो. "एवढें धावून मिळतें काय?" हा त्यांचा प्रश्न आम्हांला मुळींच टाकाऊ वाटत नाहीं. मात्र त्याचें उत्तर तत्त्वज्ञानांत शोधण्यापूर्वीं इतिहासांत शोधावें, असें आमचें मत आहे. आणि त्यासाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियांतील एका डोंगरवाटेकडे वळलें पाहिजे. वेस्टर्न स्टेट्स या नांवाची जी शंभर मैलांची शर्यत तेथें दर वर्षीं जूनच्या अखेरीस होते, ती डोंगरवाटेवरील या प्रकारच्या शर्यतींत सर्वांत जुनी समजली जाते. तिची गंमत अशी कीं, ती मुळांत माणसांसाठीं नव्हतीच. ती घोड्यांसाठीं होती.

सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेस टाहो नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे, आणि पश्चिमेच्या पायथ्याशीं ऑबर्न हें गांव. या दोहोंमधील वाटा प्रथम पाडल्या त्या वाशो, पायूट इत्यादि मूळ रहिवाशांच्या पावलांनीं. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें आणि सगळें जग त्या डोंगरांत लोटलें. पुढें १८५९ सालीं डोंगरापलीकडे नेव्हाडांत चांदीची मोठी खाण लागली, तेव्हां पश्चिमेकडे आलेला तोच लोंढा त्याच वाटांनीं उलट पूर्वेकडे धांवला. वाटेवरील वस्त्यांचीं नांवें त्या काळाचीं आहेत. एकीचें नांव 'लास्ट चान्स', म्हणजे शेवटची संधि! मिशिगन ब्लफ या वस्तींत लीलंड स्टॅनफर्ड नांवाचा एक दुकानदार खाणवाल्यांना सामान विकीत असे. तोच पुढें त्या प्रांताचा गव्हर्नर झाला, रेल्वेचा धनी झाला, आणि आज त्याच्या घराण्याच्या नांवानें विश्वविद्यालय आहे. सोनें विकून नव्हे, तर सोनें खणणारांना फावडीं विकून माणसें श्रीमंत झालीं, हा अनुभव तेथेंहि आलाच. सोनें संपलें, वस्त्या ओस पडल्या, आणि वाटा गवतानें झांकल्या जाऊं लागल्या.

त्या वाटा पुन्हां जागविल्या वेंडेल रॉबी या ऑबर्नच्या लांकडाच्या व्यापाऱ्यानें. हा मोठा हट्टी घोडेस्वार. जुन्या काळीं टपाल नेणारे स्वार एका दिवसांत शंभर मैल मजल मारीत, हल्लींचे घोडे तसे राहिले नाहींत, असें कोणी म्हटलें कीं त्याला तें सोसत नसे. १९५५ सालीं तो कांहीं सोबत्यांसह टाहोच्या बाजूनें निघाला आणि चोवीस तासांच्या आंत ऑबर्नला पोंचला. लोक म्हणत होते कीं हें होणें नाहीं. झाल्यावर ते दर वर्षीं करूं लागले. या घोडदौडीला पुढें टेव्हिस चषक हें नांव पडलें.

तिच्या नियमांकडे वाचकांनीं थोडें लक्ष द्यावें, कारण पुढील सर्व कथेचें बीज त्यांत आहे. पहिला नियम असा कीं, चोवीस तासांच्या आंत जो घोडा पोंचेल त्याचा स्वार यशस्वी. मग तो पहिला असो कीं पन्नासावा असो. अशा प्रत्येकाला कमरपट्ट्याचें चांदीचें बक्कल मिळे, आणि त्यावर शंभर मैल एका दिवसांत केल्याचे शब्द कोरलेले असत. दुसरा नियम असा कीं, वाटेंत ठिकठिकाणीं पशुवैद्य घोड्याला थांबवून त्याची नाडी, श्वास आणि चाल पाहणार, आणि घोडा लंगडतांना दिसला कीं स्वाराला तेथेंच उतरविणार. स्वारानें कितीहि हुज्जत घातली तरी उपयोग नाहीं. शिवाय पहिल्या दहांमध्यें ज्याचा घोडा उत्तम प्रकृतीचा ठरेल त्याला निराळा चषक. जनावर मेलें तरी चालेल पण बाजी मारली पाहिजे, या वृत्तीला येथें थारा नव्हता.

आतां माणूस या वाटेवर घोड्यावांचून कसा उतरला, याची जी कथा प्रसिद्ध आहे ती एका माणसाभोंवतीं गुंफलेली आहे. त्याचें नांव गॉर्डी एन्स्ली. दाढीवाला, धिप्पाड, धावणाऱ्याचा बांधा मुळींच नसलेला हा तरुण दोन वेळां घोड्यावरून ही दौड पुरी करून बसला होता. १९७३ सालीं तो पुन्हां निघाला, आणि एकोणतिसाव्या मैलाजवळ त्याचा घोडा लंगडूं लागला. नियमाप्रमाणें तेथेंच खेळ संपला. पुढील वर्षीं त्याच्यापाशीं भरवंशाचा घोडा नव्हता. दौडीच्या मंडळाच्या चिटणीस ड्रुसिला बार्नर या बाई स्वतः १९६१ सालीं ती घोडदौड जिंकलेल्या. त्यांनीं त्याला सुचविलें कीं, घोडा नसला तर नसूं दे, तूं पायींच ये. १९७४ च्या ऑगस्टच्या आरंभीं, उन्हाचा पारा फॅरनहाइटच्या शंभर अंशांवर चढलेला असतां, तो घोड्यांच्या बरोबर सुटला. दुपारच्या घळींमध्यें त्याचा धीर पुरता खचला होता आणि त्यानें दौड सोडल्यासारखीच होती. पण पाणी आणि मिठाच्या गोळ्या पोटांत गेल्यावर तो उठला, आणि तेवीस तास बेचाळीस मिनिटांनीं ऑबर्नला पोंचला. घोड्यासाठीं आंखलेल्या मुदतींतून अठरा मिनिटें त्यानें शिल्लक ठेविलीं होतीं.

ही कथा खरी आहे; पण ती पहिली नव्हे. १९७२ सालींच, रॉबीच्याच हौसेखातर, कॅन्सस प्रांतांतील फोर्ट रायली छावणीचे वीस शिपाई ही वाट पायीं तोडावयास निघाले होते, आणि त्यांपैकीं सात जणांनीं ती अठ्ठेचाळीस तासांच्या आंत पुरीहि केली होती. त्यांना पायीं आलेले पहिले म्हणून मानचिन्ह मिळालें, आणि नंतर चाळीसहून अधिक वर्षें त्यांचें नांव फारसें कोणी घेतलें नाहीं. असें कां व्हावें? आम्हांला वाटतें कीं, शिपाई हुकुमानें आले होते. त्यांच्यामागें धनी होता. ते आमच्या जासुदाच्या जातीचे. एन्स्लीमागें कोणी नव्हतें. लोकांच्या कल्पनेला जो नायक हवा होता तो आपणहून आलेला, आणि तोहि एकटा हवा होता. इतिहासकारानें मात्र सातहि जणांना त्यांची जागा दिली पाहिजे.

येथें एक प्रश्न सहजच उद्भवतो. घोड्यासाठीं ठरविलेल्या मुदतींत माणूस पोंचलाच कसा? चार मैलांची शर्यत असती तर घोड्यापुढें माणसाचा टिकाव लागता ना. पण अंतर वाढूं लागलें आणि ऊन तापूं लागलें कीं माणसाच्या बाजूचे गुण पुढें येतात: अंगावर लव कमी, घाम भरपूर, आणि दोन पायांवर चालत असल्यानें माध्यान्हीचें ऊन अंगावर कमी. ब्रॅम्बल आणि लीबरमन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, लांबवर धावणें हा मानवाच्या शरीररचनेंत मुरलेला गुण असून आपल्या टांचेच्या वरची शीर, पायाची कमान, मोठे नितंबस्नायु हीं त्याचींच चिन्हें आहेत. सर्व विद्वानांना हें मान्य नाहीं. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं वेल्समधील एका खेडेगांवीं, जेथें १९८० पासून माणूस आणि घोडा यांची बावीस मैलांची शर्यत लागत आलेली आहे, तेथें ह्यू लॉब नांवाच्या धावपटूनें प्रथमच घोड्याला हरविलें. चोवीस वर्षें सांचत गेलेलें पंचवीस हजार पौंडांचें बक्षीस त्याच्या पदरांत पडलें.

एन्स्लीनंतरचीं दोनतीन वर्षें फार बोधक आहेत. १९७५ सालीं एक जण पायीं निघाला आणि सत्त्याण्णव मैलांवर, मुक्काम हांकेच्या अंतरावर आला असतां, थांबला. १९७६ सालीं केन शर्क नांवाचा एक वल्ली चोवीस तासांवर सुमारें अर्धा तास लावून पोंचला. १९७७ सालीं माणसांची स्वतंत्र शर्यत जाहीर झाली, तरी ती घोड्यांच्याच दिवशीं. चौदा जण निघाले. त्यांतला एकच, अँडी गोन्झालिस, चोवीस तासांच्या आंत आला. मागून दोघे साडेअठ्ठावीस तासांनीं जोडीनें आले, आणि बाकीचे वाटेंतच गळाले.

त्या दोघांपैकीं एक होते डॉक्टर राल्फ पॅफेनबार्गर. वय पंचावन्नाच्या घरांत. गोदींतील हमाल आणि हार्वर्डचे जुने विद्यार्थी यांच्या जीवनक्रमाचा अनेक वर्षें अभ्यास करून, अंगमेहनत करणाऱ्यांना हृद्रोग कमी होतो हें ज्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें, तेच हे. आणि त्यांच्या येण्यानें चालकांपुढें मोठा पेंच पडला. पंचावन्न वर्षांचा मनुष्य शंभर मैल धावून, रात्र जागून, आपल्या पायांनीं मुक्कामीं आला. त्याला 'तूं हरलास' असें म्हणावयाचें काय? चोवीस तासांची मुदत तर घोड्याची! मग माणसासाठीं निराळी मुदत ठरली: तीस तास. चोवीस तासांच्या आंत येणारास चांदीचें बक्कल, आणि तीस तासांच्या आंत येणारास पितळेचें. आमच्या मतें या सबंध इतिहासांतील खरा महत्त्वाचा क्षण हाच; एन्स्लीची धाव नव्हे. कारण चोवीस तासांची अट राहती, तर हा कांहीं अचाट माणसांचा विक्रम होऊन राहिला असता. सहा तास वाढले आणि त्या सहा तासांतून म्हातारे, प्रौढ, मंद, नोकरीधंदा सांभाळून सराव करणारे असे सारे आंत आले.

बायकाहि आंत आल्या. १९७८ सालीं, घोड्यांपासून वेगळी होऊन शर्यत जूनमध्यें गेली त्याच वर्षीं, पॅट स्माइथ या बाईंनीं एकोणतीस तास चौतीस मिनिटांत ती पुरी केली. या आंकड्याचें महत्त्व कळण्यास त्या वेळचा ऑलिंपिकचा कायदा पाहावा. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें स्त्रिया आठशें मीटर धावल्या, त्यांची दमछाक पाहून वर्तमानपत्रांनीं हाहाकार उडविला, आणि १९६० पर्यंत तें अंतर स्त्रियांना बंद झालें. १९७८ सालीं तेथें स्त्रियांना मुभा होती ती फार तर पंधराशें मीटरची, म्हणजे एका मैलाचीहि नव्हे. मॅरेथॉन त्यांना खुली झाली ती १९८४ सालीं. जगांतील शहाणे लोक स्त्रियांना एक मैल झेपेल कीं नाहीं याची चर्चा करीत असतां, एक बाई कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत शंभर मैल धावून मोकळी झाली होती! पुढें ॲन ट्रेसन यांनीं ही शर्यत चौदा वेळां जिंकली, आणि २०२३ सालीं कोर्टनी डॉवॉल्टर साडेपंधरा तासांच्याहि आधीं येऊन स्त्रीपुरुषांच्या एकत्रित क्रमांत सहाव्या आल्या.

वाटेचें वर्णन थोडक्यांत करूं. शनिवारीं पहांटे पांच वाजतां शर्यत सुटते ती जेथें १९६० सालचे हिंवाळी ऑलिंपिक सामने झाले त्या खोऱ्यांतून. मूळ रहिवाशांच्या स्त्रियांना उद्देशून वापरला जाणारा एक हलका शब्द त्या जागेच्या नांवांत होता, तो २०२१ सालीं तेथील चालकांनीं काढून टाकला. पहिल्या चार मैलांतच सुमारें अडीच हजार फूट चढावें लागतें, आणि वर कधीं कधीं जूनमध्येंहि बर्फ असतें. दुपारीं घळी येतात. येथें वारा नसतो. उघड्या दगडावरून ऊन उलटून अंगावर येतें. बासष्टाव्या मैलावर फॉरेस्टहिल गांव लागतें, आणि तेथून पुढें धावणारास एक सोबती घेण्याची मुभा असते. अठ्ठ्याहत्तराव्या मैलावर अमेरिकन नदी. बहुतेकांना ती रात्रींच लागते. दोरखंडाला धरून कमरेइतक्या थंड पाण्यांतून पलीकडे जावयाचें, आणि पाणी फार असलें तर होडींतून. सारा चढ मिळून सुमारें १८ हजार फूट आणि उतार सुमारें २३ हजार फूट. सिंहगड पायथ्यापासून दोन हजार फूट धरला, तर एका दिवसरात्रींत तो नऊ वेळां चढावयाचा आणि अकराहून अधिक वेळां उतरावयाचा. शिवाय मधलें अंतर आहेच. ज्यांनीं गड केले आहेत त्यांना सांगावयास नको कीं, घात करतो तो चढ नव्हे, उतारच. उतरतांना मांडीचा स्नायु ताणला जात असतांनाच अंगाचा भार तोलून धरीत असतो, आणि अशा श्रमानें त्याचे तंतु तुटतात. साठाव्या मैलानंतर धावणारीं माणसें उतारावर आडवीं पावलें टाकीत, कण्हत उतरतांना दिसतात तीं त्यामुळेंच.

पशुवैद्यांच्या तपासणीचा नियमहि माणसांकडे आला. ठाण्याठाण्यावर धावणारांचें वजन करीत, आणि तें फार उतरलें कीं त्याला थांबवीत. माणसाचें अंग सुकत चाललें आहे हीच एक भीति, अशी तेव्हां डॉक्टरांची समजूत होती. म्हणून सर्वांना पाणी प्या, आणखी प्या, असा उपदेश होई. पण १९८५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर टिमथी नोक्स यांनीं दाखविलें कीं, लांबच्या धावेंत कांहीं माणसें कोसळतात तीं पाणी कमी पडून नव्हे, तर अति पाणी प्याल्यानें रक्तांतील मिठाचा अंश पातळ होऊन. अशा वेळीं मेंदूला सूज येऊन प्राणावर बेतूं शकतें. वेस्टर्न स्टेट्सच्या धावपटूंच्या रक्ततपासणींतहि हें पातळ होणें पुष्कळांत आढळलें. म्हणजे ज्याचें वजन जसेंच्या तसें आहे त्याला डॉक्टर शाबासकी देत होते, आणि कदाचित् धोका त्यालाच होता. घोड्याचें माप माणसाला लावण्याची मर्यादा येथें दिसून आली.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. इतकें सोसून मिळतें काय? आम्ही स्वतः आयुष्यांत पांच मैलांवर कधीं धावलों नाहीं, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. तेव्हां आमचें बोलणें ऐकीव आणि वाचीव आहे. पण एक गोष्ट आम्हांला ठळकपणें दिसते. रोजच्या जीवनांत आपण केलेल्या श्रमाचा आणि त्याच्या फळाचा संबंध धूसर झालेला आहे. कचेरींतला मनुष्य दिवसभर राबतो आणि संध्याकाळीं त्याला सांगतां येत नाहीं कीं आज नेमकें काय झालें. येथें मात्र हिशेब स्वच्छ आहे: अमुक मैल गेले, अमुक राहिले, आणि घड्याळांत इतके वाजले. रात्रीं दोन वाजतां, कपाळावरच्या दिव्याच्या वर्तुळांत, जगाचा पसारा आटून पुढच्या ठाण्यापर्यंतच्या चार मैलांएवढा होतो. घरची विवंचना, कर्ज, मानापमान यांतलें कांहींच त्या वर्तुळांत मावत नाहीं. आळंदीहून पंढरपूरला पायीं जाणाऱ्या समाजाला ही गोष्ट अगदींच परकी वाटूं नये. वारकऱ्यालाहि मोटारीनें पांचसहा तासांत पोंचतां येतें. तें ठाऊक असूनच तो चालतो. भेद एवढाच, आणि तो लहान नव्हे, कीं वारकऱ्याच्या पुढें विठोबा आहे, आणि या धावणाराच्या पुढें घड्याळ.

शिवाय हा एकटेपणा पुष्कळसा भासमान आहे. या एका शर्यतींत ३६९ जण धावतात, आणि त्यांना खाऊं घालण्यास, फोड बांधण्यास, नदींत उभें राहून हात देण्यास पंधराशेंहून अधिक स्वयंसेवक असतात. ३६९ हा आंकडाहि कोणाच्या लहरीचा नव्हे: वाटेचा कांहीं भाग १९८४ सालीं कायद्यानें राखीव अरण्य ठरला, आणि त्यांतून याहून अधिक पावलें जाऊं द्यावयाचीं नाहींत असें ठरलें. प्रवेशासाठीं हल्लीं दर वर्षीं हजारों अर्ज येतात आणि सोडत काढावी लागते. ज्याचें नांव निघेल त्यानें आधीं आठ तास वाटदुरुस्तीचें किंवा दुसऱ्या एखाद्या शर्यतींत सेवेचें काम केलें पाहिजे, असा नियम आहे. वाट वापरणारानें वाटेचें देणें द्यावें, हा आम्हांला या सर्व व्यवस्थेंतील सर्वांत सुंदर नियम वाटतो. आपल्या गडांवर गर्दी करणाऱ्या मंडळींनीं तो अवश्य उचलावा.

जेथें व्यवस्था ढिली पडते तेथें काय होतें, हेंहि लपवून चालणार नाहीं. २२ मे २०२१ रोजीं चीनमधील कान्सू प्रांतांत शंभर किलोमीटरची डोंगरशर्यत होती. १७२ जण सकाळीं आंखूड विजारी घालून सुटले. दुपारीं उघड्या, उंच टप्प्यावर अकस्मात् गारा, थंड पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांनीं त्यांना गांठलें. आणि वाऱ्यापावसाचे कपडे जवळ बाळगण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती. एकवीस जण गारठून मेले. त्यांत त्या देशांतले नामांकित धावपटूहि होते, कारण जे वेगानें पुढें गेले होते तेच वादळांत आधीं सांपडले. सहा जण वांचले ते तेथें मेंढ्या चारणाऱ्या एका माणसामुळें. त्यानें त्यांना गुहेंत नेलें आणि विस्तव पेटविला. त्या दिवशीं डोंगर कोणाला कळत होता, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. घोडदौडींत पशुवैद्य घोड्याला थांबवीत असे, कारण घोडा स्वतः बोलत नाहीं. माणूस बोलूं शकतो, पण पुढें जाण्याच्या ईर्ष्येनें तोहि खोटें बोलतो. म्हणून थांबविणारा कोणी दुसरा लागतो.

याचें एक उदाहरण ऑबर्नच्याच मैदानावर घडलें. २००६ सालीं ब्रायन मॉरिसन हा तरुण सर्वांच्या पुढें होता. शर्यतीचा शेवट तेथील शाळेच्या धावपट्टीवर होतो. तींत पाऊल टाकतांच तो कोलमडला. शेवटची रेघ तीनएकशें मीटरवर. उठला, पडला, पुन्हां उठला. त्याचा सोबती म्हणून आलेला स्कॉट जुरेक, जो ही शर्यत लागोपाठ सात वेळां जिंकलेला, त्यानें आणि इतरांनीं त्याला आधार देऊन रेघेपलीकडे नेलें. शंभर मैलांत तो सर्वांच्या आधीं आला होता. पण परक्या हाताचा आधार घेतला म्हणून त्याची धाव बाद झाली आणि मागून आलेला ग्रेअम कूपर विजयी ठरला. हा निर्णय क्रूर होता असें पुष्कळांना वाटलें. आम्हांला तो बरोबर वाटतो, आणि जुरेकनें हात दिला तेंहि बरोबर वाटतें.

पहिला येणारा शनिवारीं संध्याकाळींच येतो; २०१९ सालीं जिम वॉल्म्स्ली चौदा तास नऊ मिनिटांत आला. पण ऑबर्नचे लोक मैदानावर गर्दी करतात ती रविवारीं सकाळीं दहा ते अकराच्या दरम्यान. तीस तासांतला हा शेवटचा तास, आणि त्याला ते सोनेरी तास म्हणतात. पहिल्या दिवशीं जिंकलेले धावपटू, अंघोळ करून, सुजलेले पाय चपलांत घालून तेथें येऊन बसतात.

२०१५ सालीं अकरा वाजावयास थोडीं मिनिटें उरलीं असतां बातमी आली कीं गुनहिल्ड स्वॉन्सन या सत्तर वर्षांच्या बाई अजून गांवाबाहेरच्या चढावर आहेत. वाटेंत मार्ग चुकून त्यांना कांहीं मैलांचा फेरा पडला होता. त्या वर्षीं पहिला आलेला रॉब क्रार हा चपला घातलेल्या पायांनींच त्यांना सामोरा गेला आणि त्यांच्या बाजूनें धावूं लागला. हात मात्र कोणीहि लावला नाहीं. बाई मैदानांत शिरल्या तेव्हां सगळे लोक उभे होते. त्यांनीं रेघ ओलांडली तेव्हां एकोणतीस तास, एकोणसाठ मिनिटें आणि चोपन्न सेकंद झाले होते. सत्तरी गांठलेली स्त्री या शर्यतींत मुदतींत पोंचल्याची ती पहिलीच वेळ.

सहा सेकंदांनीं मुदत संपली. त्यानंतरहि कांहीं जण त्या वाटेनें येतच असतात. त्यांची नोंद होत नाहीं आणि त्यांना बक्कल मिळत नाहीं. लोक मात्र उठलेले नसतात.